शेवटच्या कडव्यातलं नाव

मी एका माणसाचं नाव त्याच्याच गाण्यातून काढलं आणि तिथं माझं घातलं. भर मंडपात, माईकवरून घातलं. एकदा जीभ घसरली असं म्हणायचीही सोय नाही, कारण पुढं कित्येक वर्षं मी तेच करत राहिलो. संपादकांनी मला गायन पार्टीतले गमतीदार अनुभव लिहायला सांगितले आहेत. गमती आहेत आणि त्या मी सांगणार आहे. पण ही गोष्ट दाबून नुसत्या गमती सांगितल्या, तर आमच्या जालना जिल्ह्यातले जुने ऐकणारे अंक मिटून म्हणतील, सुदाम अजून लपवतोच आहे.

ज्यांनी गायन पार्टी पाहिली नाही त्यांना आधी थोडं सांगतो. चार माणसं, पेटी, ढोलकी, बेंजो आणि दोन माईक. जयंतीला, लग्नात, घरभरणीला, विहाराच्या उद्घाटनाला आम्हाला बोलावणं यायचं. सुरुवातीला वंदना, मग समाजाची गाणी, मग घरची, मायबापाची. पेटीवर बसतो तो म्होरक्या. त्याचा श्वास संपला की बेंजोवाल्यानं मधली जागा भरायची. ढोलकीवाल्यानं मात्र नजर कायम समोर ठेवायची. पाय कुणाचे हलतात, जांभया कोण देतं, उठून कोण चाललं, हे त्याला आधी कळतं आणि तो ठेका बदलून म्होरक्याला सांगतो. आमचा रामदास यात इतका तयार होता की लग्नात आचाऱ्यानं कढईखालची लाकडं ओढली की तो ठेका आवळायचा. म्हणजे पंगत बसायला आली, गाणं आटप.

आणि आमच्या गाण्यांना एक रीत आहे. ज्यानं गाणं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. ही गाणी छापली जातात थोडी. एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जाऊन ती गावोगाव पोचतात. मराठवाड्याच्या एका टोकाला रचलेलं गाणं दुसऱ्या टोकाची पार्टी म्हणते आणि कुणी कुणाला विचारायला जात नाही. विचारायची गरजच नसते. शेवटचं कडवं पुरं म्हटलं की रचणाऱ्याचा मान पोचला. त्याला मिळायचं ते एवढंच.

एक्क्याऐंशी साली आम्ही पार्टी काढली तेव्हा मी मिसरूड फुटलेला पोरगा होतो. हंगामात नवीन जालन्याला बियाण्याच्या गोदामात पोती शिवायचो आणि गायचो. काशिनाथ माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, तीर्थपुरीचा. तिथं बाजारात त्याची शिलाई मशीन होती. गाणी तो रचायचा, चाली तोच लावायचा. कापड बेतताना त्याला ओळी सुचत आणि तो त्या खडूनं कापडाच्या उलट्या बाजूवर लिहून ठेवी. तीर्थपुरीच्या कितीतरी लोकांनी पायजम्याच्या आतून गाणी घालून फिरवली आहेत.

त्याचं एक गाणं असं चाललं की त्यानं आम्हा चौघांना पोसलं. 'उंबऱ्याबाहेर उभी माय गं, ऐकते बाराखडी.' काशीच्या आईनं, गयामायनं, गावच्या शाळेच्या खोल्या बांधताना डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या. खोल्या झाल्या, शाळा भरली, काशी आत बसला. गयामाय कामावरून येता-जाता डोक्यावरची पाटी खाली टेकवून बाहेर उभी राहायची आणि पोरांचा आवाज ऐकायची. एवढंच गाणं आहे. शेवटचं कडवं असं:

काशी म्हणे, नाव माझं मी पाटीवर काढलं
माय म्हणे, वाचून दाव, मला कुठं कळलं

सगळं गाणं मी म्हणायचो, आणि हे शेवटचं कडवं काशी एकटा म्हणायचा. त्याचा आवाज जाडाभरडा, वरच्या सुरात चिरकायचा. मी मात्र गोड गळ्याचा म्हणून नावाजलेला. त्याच्या कडव्याला रामदास ढोलकी थांबवायचा, मीही पेटीवरून हात उचलायचो. मंडपात बायका डोळ्याला पदर लावायच्या. मला वाटायचं, ही माझ्या गळ्याची कमाई आहे. काशीनं शेवटी येऊन ती थोडी खराब केली, असंही वाटायचं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

नव्वदच्या आसपास स्टेशनजवळच्या एका कॅसेटच्या दुकानदारानं मला बोलावलं. सगळे त्यांना शेठजी म्हणत. ते म्हणाले, "पार्टी-बिर्टी विसरा. कॅसेटवर एक फोटो चालतो, चार न्हाई चालत. आवाज तुमचा हे. मंग बाकीचे कशाला?"

मी रामदासला घेतलं आणि बाहेर पडलो. काशीला सांगायला तीर्थपुरीला गेलो तेव्हा भांडणाची तयारी करूनच गेलो होतो. तो मशीनवर होता. ऐकून घेतलं आणि टीप पुरी करून दोरा तोडला.

"जाय," तो म्हणाला. "मला बी गावोगाव हिंडणं होईना. दुकान हे, माय थकली."

"आणि उंबरा?"

"म्हण की. गाणं का म्या पेटीत कुलूप लावून ठेवू? फक्त पुरं म्हण."

"म्हणजे?"

"म्हणजे पुरं म्हण, सुदाम. तुला कळतं."

मला कळत होतं.

एकट्याच्या नावानं कार्यक्रम सुरू झाले. फलकावर माझं नाव, माझा फोटो. मी नवीन गाणी बसवली, स्वतः रचलेली. आजही सांगतो, त्यातली दोन-तीन चांगली होती. बोअरला पाणी लागत नाही त्यावर एक होतं, त्याची चाल अजून लोकांच्या तोंडी आहे. पण मी पेटी उघडली की समोरून एकच पुकारा. उंबरा.

शहागडला गोदाकाठी एक लग्न होतं. नवरदेवाचा मामा ट्रकवाला, अर्धं वऱ्हाड ड्रायव्हर-क्लीनरचं. मी बोअरचं गाणं सुरू केलं तसा मामा पुढं आला.

"उंबरा म्हणा."

"मामा, हे नवं आयका. बोअरचं हे."

"बोअर आमच्याकडं बी हे. पाणी न्हाई त्याला. उंबरा म्हणा, गाड्या भरून उभ्या हेत, आम्हाला जल्दी निघायचंय."

मी हट्टानं बोअरचं गाणं पुरं केलं. मामानं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "झालं का तुमचं? मंग म्हणा आता आमचं."

एका गावात नवरीची पाठवणी होती. बापानं मला बाजूला घेतलं. "पोरगी निघून राह्यली आन कोणी रडंना. व्याह्याला काय वाटन? एकदा उंबरा म्हणा." म्हटलं. पहिल्या कडव्याला नवरीची आई रडली, दुसऱ्याला खुद्द बाप, आणि तिसऱ्याला तो व्याहीच रुमाल शोधायला लागला. नवरी तेवढी कोरडी होती. ती म्हणाली, "दादा, आता बास करा, एस्टी जाईन."

बियाण्याच्या कंपनीच्या एका कार्यक्रमाला बाहेरगावचे साहेब होते. त्यांना मराठी येत नव्हतं, तरी त्यांनी चिठ्ठी पाठवली, वो चौखटवाला गाना सुनाइए.

मी चिडायचो. कार्यक्रम माझा, गळा माझा, आणि लोकांना हवं ते जुन्या पार्टीचं. गाणं सुरुवातीला म्हणून टाकून बघितलं. ते संपताच निम्मा मंडप जेवायला उठला. मग ते अगदी शेवटी ठेवायला शिकलो. लोक बसून राहायचे आणि तेवढ्या वेळात माझी नवी गाणी त्यांच्या कानावर जायची. या धंद्यात येणाऱ्या नव्या पोरांना मी अजून हेच सांगतो. लोकांवर रुसू नका. त्यांना हवं ते त्यांना द्या, फक्त कधी द्यायचं ते आपण ठरवा. हे मला बराबर जमायला लागलं. मी कुठलाही मंडप धरून ठेवू शकत होतो, आजही शकतो.

अडचण शेवटच्या कडव्याची होती. तिथं काशीचं नाव आलं की गाणं संपल्यावर कुणीतरी हमखास विचारायचं, "ते काशी कुठं हेत? त्यांना का न्हाई आणलं?" एक म्हातारा तर म्हणाला, "तुम्ही गोड म्हणता, पण ते शेवटचं त्यांच्याच तोंडून बरं वाटायचं." दर कार्यक्रमाला हेच. मी दोन तास घसा फोडायचा आणि लोक मला विचारणार, काशी कुठं आहे.

म्हणून मी ते कडवं गाळलं. तर लोक बसल्या जागेवरून ओरडायचे, "पुरं करा."

मग अंबडकडच्या एका गावात, जयंतीच्या कार्यक्रमाला, शेवटच्या कडव्यापाशी आलो आणि म्हणालो, 'सुदाम म्हणे, नाव माझं मी पाटीवर काढलं.' काशीच्या मात्रा चार, सुदामच्याही चारच. नाव चपखल बसलं. रामदासचा हात ढोलकीवर होता, तो चुकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकला. समोर टाळ्या पडल्या. काशी कुठं आहे हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

परतताना जीपमध्ये रामदास म्हणाला, "तोंडून निसटलं का?"

"व्हय."

"मंग पुढच्या बारीला सुधार."

"बघू."

पुढच्या बारीला मी तेच म्हटलं. त्याच्या पुढच्या बारीलाही. वर्षभरात ते तसंच कॅसेटवर गेलं आणि कॅसेट जिल्हाभर खपली. शेठजींना काशी कोण हे ठाऊकच नव्हतं. मी स्वतःची समजूत घालत होतो की लोकांना फरक पडत नाही, काशीनं गाणं सोडलंय, आणि तीर्थपुरीत कॅसेट ऐकणार कोण. रामदास शेवटच्या कडव्याला खाली बघायला लागला. ज्याची नजर कायम समोर असायची, तो ढोलकीच्या वादीकडं बघत वाजवायचा.

तीर्थपुरीजवळच्या एका वस्तीवर लग्न होतं. दुपारचं, उन्हाचं. मुलीकडच्यांना मी ओळखत होतो, पण पाहुण्यांत कोण कोण येणार हे मला माहीत नव्हतं. शेवटी उंबरा सुरू केला. तिसऱ्या कडव्याला बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत गयामाय दिसली. खूप म्हातारी झाली होती. तिनं कानावरचा पदर मागं सारला आणि मान तिरकी करून ती थांबली.

नंतर मला कळलं की ती तशीच थांबायची. कुठंही ते गाणं लागलं की, शेवटच्या कडव्यात लेकाचं नाव येईपर्यंत हातातलं काम सोडून उभी राहायची. तिला पाटीवरचं नाव वाचता येत नव्हतं. गाण्यातलं ऐकू यायचं.

मला थांबता आलं असतं. खोकल्याचं निमित्त करता आलं असतं, 'काशी' म्हणता आलं असतं. पण जिभेला सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर समोर एवढं वऱ्हाड असताना नाव बदललं तर लोक काय म्हणतील हाही विचार मनात आला. मी 'सुदाम म्हणे' म्हणालो. गयामायनं मान सरळ केली आणि पदर परत कानावर घेतला.

पंगतीच्या आधी मी तिच्या पाया पडायला गेलो. न जाऊन चाललं नसतं. तिनं डोक्यावर हात ठेवला.

"चांगला हेस ना बाबा? लेकरं?"

"चांगली हेत, माय."

"सुदाम, तुझी माय तं मळ्यात होती ना रे कामाला?"

"व्हय."

"तिनं न्हाई वाहिल्या कधी विटा?"

"न्हाई, माय."

"विटा म्या वाहिल्या," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मला वाचता येत न्हाई बाबा. पण आयकू तं येतं."

मग तिनंच मला जेवायला बसायला सांगितलं.

त्यानंतर मी उंबरा म्हणणं बंद केलं. लोकांना सांगायचो, ते गाणं मी सोडलंय. काही ठिकाणी लोक रागावले, काही ठिकाणी पुन्हा बोलावणं आलं नाही. मला वाटायचं, आपण प्रायश्चित्त घेतोय. रामदास एकदा म्हणाला, "चोरलेली वस्तू वापरायची सोडली म्हंजे परत केली असं असतं का?" मला त्याचा राग आला. पण त्याचं खरं होतं हे मला मंठ्याकडच्या एका जत्रेत कळलं. एक तरुण पार्टी उंबरा म्हणत होती आणि शेवटी 'सुदाम म्हणे' आलं. मी स्टेजमागं जाऊन पेटीवाल्याला सांगितलं, तिथं नाव काशीचं आहे. तो हसला. "सर, परीक्षा घेता का आमची? तुमच्या कॅसेटवरून बसवलं. तुमचाच तं मान राखला." मी कितीही सांगितलं तरी त्याला तो माझा मोठेपणा वाटला. त्यानं उलट पुढच्या गाण्याआधी माईकवरून सांगितलं की सुदामदादा किती साधे आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गप्प राहून गाणं आपोआप परत जाणार नव्हतं. मी गप्प होतो तोवर ते माझ्याच नावानं पुढं चाललं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी तीर्थपुरीला गेलो. बाजाराचा दिवस नव्हता. काशी चष्मा लावून कुणाचा तरी सदरा शिवत होता. आत खाटेवर गयामाय पडून होती. डोळे अधू झाले होते, कान शाबूत होते. मी काशीसमोर हात जोडले आणि म्हणालो, "माझं चुकलं."

"बस," तो म्हणाला. "चहा घेतो का?"

"काशी, मी माफी मागून राह्यलो."

"आयकलं की." त्यानं सदरा उलटा केला. "कॅसेट आली तवाच आयकलं म्या. तवा लई वाईट वाटलं. इचार केला, जालन्याला येऊन तुझ्या कार्यक्रमात उभं राहावं आन सगळ्यांसमोर इचारावं. मंग वाटलं, इचारून काय, ज्याचं तोंड त्याच्या हातात."

"काय करू सांग."

"मला का सांगतो? मला ठाऊकच हे, गाणं कोणाचं ते. ज्यांना तू दुसरं सांगितलं त्यांना सांग ना. मंडपात घातलं नाव, आन माफी दुकानात मागतो व्हय?"

आतून गयामाय म्हणाली, "काशी, त्याला चहा दे रे आधी."

चहा झाला. निघताना मी विचारलं, "जयंतीला गावात मी गायलो तर चालंल का? शेवटचं कडवं तू म्हणशील?"

"न्हाई," काशी म्हणाला. "माझा गळा गेला. तूच म्हण. म्हणताना बघू दे तुला लोकायनं."

जयंतीला तीर्थपुरीत विहारासमोर मंडप होता. मी येणार आहे आणि उंबरा म्हणणार आहे हे गावाला कळलं होतं, त्यामुळे आजूबाजूच्या वस्त्यांवरचेही लोक आले होते. मंठ्याच्या त्या तरुण पार्टीला मी मुद्दाम बोलावून घेतलं, ती पोरं पुढं बसली होती. काशी पहिल्या रांगेत होता, शेजारी खुर्चीवर गयामाय. ऊन उतरलं होतं. रामदास ढोलकी घेऊन माझ्या उजव्या हाताला बसला आणि त्याची नजर समोर होती.

मी वंदना म्हटली आणि पेटी बंद केली. माईक हातात घेतला तशी मागून कुणीतरी ओरडलं, "उंबरा." मग सगळेच, "उंबरा, उंबरा." आयुष्यभर मी या पुकाऱ्याला वैतागत आलो होतो आणि आयुष्यभर मी लोकांना थांबवायची कला शिकत आलो होतो. त्या दिवशी ती कामाला आली. मी काही न बोलता उभा राहिलो. पहिली रांग गप्प झाली, मग मधली.

"म्हणतो," मी म्हणालो. "आधी दोन शब्द आयका."

"भाषण नगं, दादा," एक बाई म्हणाली. "गाणं म्हणा."

"भाषण न्हाई, ताई. ह्ये न आयकता गाणं म्हटलं तर ते पुन्हा खोटंच निघंल."

ती बाई खाली बसली.

"हे गाणं या माणसानं रचलं," मी काशीकडं हात केला. "कॅसेटवर शेवटी माझं नाव आहे. ते खोटं आहे. ज्यांच्याकडं ती कॅसेट असेल त्यांनी लेकराबाळांना सांगा, ते खोटं आहे. या पोरांनी माझ्यावर विश्वास ठेवून तसंच म्हटलं, त्यांचा काही दोष नाही. काशी मला म्हणाला होता, गाणं ने, फक्त पुरं म्हण. मी ते नेलं आणि पुरं म्हटलं नाही."

माईक मी खाली ठेवला आणि स्टेजवरून उतरून गयामायच्या खुर्चीपाशी गेलो, कारण तिला दिसत नव्हतं आणि मी कुठून बोलतोय ते तिला कळायला हवं होतं. सगळ्या मंडपाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणालो, "गयामाय, विटा तुम्ही वाहिल्या. माझ्या आईनं नाही. पाटीवरचं नाव तुमच्या काशीचं होतं, ते मी पुसलं आणि माझं लिहिलं, तुमच्यासमोर म्हटलं, आणि तुम्हाला ऐकू येतं हे ठाऊक असून म्हटलं. माझं चुकलं, माय."